फिनिअस गेज : एका रुग्णेतिहासाची चिकित्सा

मेंदूस आघात झाल्यानंतर प्रौढ मनुष्याचा मनोवेगांवरील ताबा सुटू शकतो, हे आज वैद्यकात सर्वमान्य आहे. या विषयाच्या विवेचनात फिनिअस गेज याचे उदाहरण वारंवार दिले जाते. एका अपघाताने शीलवान मनुष्य जन्मभर उच्छृंखल झाला, असे त्याचे प्रचलित रूप होय. हे रूप मूळ साधनांच्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश येथे लोहमार्गाचे काम चालू असता, १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला. ३ फूट ७ इंच लांबीची व सव्वातेरा पौंड वजनाची पहार २५ वर्षांच्या गेजच्या डाव्या गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला. त्याच्यावर डॉ. जॉन हार्लो यांनी उपचार केले.

त्याच्या स्वभावातील पालटाविषयी साक्ष देणारी साधने अत्यल्प आहेत. हार्लो यांचा १८४८ चा वृत्तान्त मुख्यतः जखमेविषयी आहे. १८५० मध्ये हार्वर्डचे शल्यविशारद हेन्री बिगेलो यांनी गेज शरीराने व मनाने पूर्ववत झाल्याचा निर्वाळा दिला. याच्या उलट चित्र हार्लो यांनी १८६८ मध्ये, म्हणजे गेजच्या मृत्यूनंतर ८ वर्षांनी, प्रसिद्ध केले. पूर्वी कर्तबगार मुकादम असलेला गेज चंचल, हट्टी, शिवराळ व संयमहीन झाला आणि ठेकेदारांनी त्यास पूर्वीची जागा नाकारली, असे ते सांगतात. तथापि हे वर्णन प्राधान्याने अपघातानंतरच्या आरंभीच्या काळास लागू पडते, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते.

गेजच्या उत्तरायुष्याची हकीकत हार्लो यांनी त्याच्या आईकडून मिळविली. तीनुसार त्याने हॅनोव्हर येथील तबेल्यात सुमारे दीड वर्ष चाकरी केली. १८५२ मध्ये तो चिलीस गेला व तेथे अनेक वर्षे सहा घोड्यांच्या प्रवासी गाड्या हाकीत असे. वेळ पाळणे, उतारूंशी वागणे, घोडे ताब्यात ठेवणे ही कामे संयमाचा पूर्ण लोप झालेल्या मनुष्यास दीर्घकाळ साधणे कठीण होय. १८५९ मध्ये प्रकृती ढासळल्याने तो सॅन फ्रान्सिस्कोस परतला व १८६० मध्ये अपस्माराच्या झटक्यांनी निधन पावला.

इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरिअर यांनी १८७८ च्या व्याख्यानांत मेंदूच्या ललाटखंडाच्या कार्याविषयी हे उदाहरण पुढे मांडले. पुढे अनेकांनी त्यात मद्यासक्ती व निरुद्योगीपणा यांची भर घातली. त्यास समकालीन आधार नाही. कवटीवरून केलेल्या १९९४ च्या पुनर्रचनेत दोन्ही ललाटखंडांना इजा झाल्याचा, तर २००४ च्या पुनर्रचनेत ती डाव्या बाजूपुरतीच असल्याचा निष्कर्ष निघाला. माल्कम मॅकमिलन यांनी २००० मध्ये सर्व साधने एकत्र करून दंतकथा आणि पुरावा यांची फारकत केली. चिलीतील नियमबद्ध दिनक्रमाने गेज पुष्कळसा सावरला असावा, असा तर्कही त्यांनी मांडला.

सारांश, गेजच्या स्वभावात पालट झाला हे हार्लो यांच्या साक्षीवरून मान्य करता येते. तो कायम राहिला हे मात्र सिद्ध होत नाही. हा भेद केवळ पांडित्याचा नव्हे. एका रुग्णाचे पहिले काही महिने म्हणजेच त्याचे संपूर्ण आयुष्य असे मानले गेले, तर अशा आघातानंतरच्या पुनर्वसनाची आशाच अकारण खुंटते. गेजच्या चरित्राचा उत्तरार्ध त्या निराशेस आधार देत नाही.