झोळी घेणारे आणि खुर्ची सोडणारे

पन्नास वर्षांपूर्वी आकुर्डीहून चाकणकडे निघालेल्या माणसास वाटेत बाजरीची व कांद्याची शेते लागत. आज त्याच वाटेवर कारखान्यांच्या भिंती सरत नाहीत. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे साठीच्या दशकात बजाज व टेल्को आले, 1970 साली नगरपालिका झाली आणि 1982 साली महानगरपालिका. त्यानंतर मोटारींचे कारखाने चाकणच्या माळावर पसरले. हा इतिहास आपल्या घराघरांत ठाऊक आहे, कारण आपल्या ज्ञातीतील पुष्कळांचे वाडवडील गावाकडील घर सोडून याच कारखान्यांच्या भरवशावर येथे आले.

या भूमीत कारखान्यांच्या मागोमाग दुसरे पीक आले ते महाविद्यालयांचे. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांस राज्यात परवानगी मिळाली आणि पिंपरी, आकुर्डी, निगडी या भागांत विद्यासंकुले उभी राहू लागली. ज्यांच्या आजोबांनी यंत्रावर पाळी केली, त्यांची नातवंडे आज त्या संकुलांत अध्यापक आहेत, कोणी विभागप्रमुखही आहेत. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी त्यांची नावे व छायाचित्रे येतात आणि ती पाहून आम्हांस धन्यता वाटते. परंतु एक प्रश्न मनात घोळत राहतो. आपल्या समाजात विद्वान झाले. त्यांतून पुढारी होतील काय? आणि ते व्हावेत म्हणून आपण वडीलधारे काय करीत आहोत? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पुण्यात आणि साताऱ्यास उच्च शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांची चरित्रे याच दृष्टीने पुन्हा वाचावीत, असे आम्हांस वाटते.

प्रथम फर्ग्युसन महाविद्यालय घेऊ. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व 1885 साली तिचे हे महाविद्यालय निघाले. आजीव सभासदांनी जुजबी वेतनावर वीस वर्षे सेवा करावी, हा या मंडळींचा दंडक होता. मंडळी एकाहून एक तेजस्वी होती आणि तेजस्वी माणसांत मतभेद व्हावयाचेच. आजीव सभासदांनी बाहेरून उत्पन्न मिळवावे की नाही, या व अशाच इतर प्रश्नांवरून वाद विकोपास गेला आणि 1890 साली लोकमान्य टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. दोनच वर्षांनी, 1892 साली, पहिले प्राचार्य व संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे निवर्तले. त्यांच्या जागी आलेले गोपाळ गणेश आगरकर 1895 साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, गेले. पाच वर्षांत असे तीन खांब गेले, तरी घर कोसळले नाही.

ते का कोसळले नाही? संस्था कोणा एका व्यक्तीच्या नावावर उभी नव्हती, ती सेवेच्या नियमावर उभी होती. एक गेला की त्याच नियमाने बांधलेला दुसरा त्याच्या जागी उभा राही. कितीतरी ज्ञातिसंस्था एका भांडणात दुभंगल्या, कितीतरी एका अध्यक्षाच्या निधनानंतर कुलूप लावून बसल्या. कर्तृत्ववान माणसे त्यांनाही मिळाली होती, पण त्या माणसांहून मोठा असा नियम त्यांच्याजवळ नव्हता.

या नियमातूनच पुढील प्रसंग घडला. आम्ही तो कितीदा तरी वाचला, परंतु त्याचे मर्म उतारवयातच कळले. धोंडो केशव कर्वे 1891 साली फर्ग्युसनमध्ये गणिताचे अध्यापक म्हणून आले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्यांचे आप्त, वयाने सुमारे अठरा वर्षांनी लहान. शाळकरी वयात ते कर्व्यांच्याच आश्रयाने शिकले. 1899 साली हेच रघुनाथराव केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. सरकारी नोकरीची मोठी दारे त्यांना उघडी होती, तरी ठरल्याप्रमाणे ते स्वदेशी परतून फर्ग्युसनच्या सेवेत रुजू झाले आणि 1902 साली प्राचार्य झाले. त्या वेळी कर्वे कोठे होते? ते त्याच महाविद्यालयात गणित शिकवीत होते आणि 1914 साली निवृत्त होईपर्यंत शिकवीत राहिले. ज्यास हाताला धरून शिकविले, त्याच्याच हाताखाली त्यांनी सुमारे बारा वर्षे काम केले. वडीलकीचा हक्क कर्व्यांनी सांगितला नाही आणि परांजप्यांसही त्यात संकोचाचे कारण पडले नाही. आपल्या मंडळाच्या सभेत वयाने लहान माणूस अध्यक्षस्थानी बसला, तर आपल्यापैकी किती जण शेवटपर्यंत शांतपणे बसून राहतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

अण्णासाहेबांची खरी कामगिरी तर याच्याही पुढे आहे. 1896 साली त्यांनी विधवांसाठी अनाथबालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला. जपानातील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. तिच्यावरून त्यांना आपल्या देशातही स्त्रियांसाठी तसे विद्यापीठ असावे, असे वाटू लागले. 1915 साली मुंबईच्या सामाजिक परिषदेत त्यांनी ती कल्पना मांडली आणि 1916 साली ती प्रत्यक्षात आणली. प्रारंभी विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. आता पाहा, विद्यापीठ ज्यांनी काढले, त्यांनी पदे कशी वाटली. पहिले कुलपती झाले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि पहिले कुलगुरू झाले तेच रघुनाथराव परांजपे. संस्थापकाच्या वाट्यास झोळी आली! ती घेऊन अण्णासाहेब गावोगाव हिंडले. 1929 साली, वयाची सत्तर वर्षे पुरी झालेली असताना, ते विलायत, अमेरिका, जपान अशा दूरच्या देशांच्या प्रवासास निघाले, तेथेही विद्यापीठाची ओळख करून देण्यासाठी व वर्गणीसाठीच. त्यापूर्वी 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लक्ष रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव लागले. आज हजारो मुली त्या नावाची पदवी घेतात. संस्थापकाचे नाव त्या पदवीवर नाही, आणि 1958 साली भारतरत्न मिळालेल्या त्या पुरुषास त्याची खंतही नव्हती.

तिसरे चरित्र आपल्यासारख्यांच्या अधिक जवळचे आहे. आम्ही स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलो नाही आणि आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीतील बहुतेक वडील मंडळी तशीच आहेत. उच्च शिक्षणाच्या कामात आपण काय मार्गदर्शन करणार, असा न्यूनगंड मनात येतो. कर्मवीर भाऊराव पाटलांचे शिक्षण इंग्रजी सहावीपलीकडे गेले नव्हते. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर खपविण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले आणि तेथील अज्ञान त्यांनी डोळ्यांनी पाहिले. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व 1924 साली साताऱ्यास वसतिगृह चालविले. मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि तेथे गरिबांची मुले कमवा व शिका या योजनेत घाम गाळून पदवीधर झाली. स्वतः पदवीधर नसलेल्या या माणसाने पदवीधरांस प्राचार्यांच्या खुर्च्यांवर बसविले. रयतेच्या छत्राखाली शिकलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. परंतु परतल्यावर वकिलीच्या बाजारात न शिरता ते त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. 1959 साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांस डी. लिट्. ही पदवी दिली, तेव्हा त्यांच्या आयुष्याचे थोडेच दिवस उरले होते. आज रयतेची महाविद्यालये चाळीसहून अधिक आहेत आणि त्यांपैकी महात्मा फुले महाविद्यालय आपल्या पिंपरीतच आहे.

भाऊरावांच्या चरित्रातील आणखी एक गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या अंकात सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. विद्यार्थिदशेत ते कोल्हापुरास जैन वसतिगृहात राहत असत. अस्पृश्य गणलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परत आल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यांना स्वज्ञातीच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. पुढे त्यांनी जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसली. 1927 साली महात्मा गांधींनी त्यास भेट दिली. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे उभी करविली, ती मागासलेल्यांस शिक्षणाच्या दारापर्यंत आणण्यासाठी. ती शिडी होती. शिडीवरून वर गेलेल्याने तिची भिंत करू नये, हा यातील बोध आहे. आपल्या निधीतून परज्ञातीच्या एखाद्या गरजू मुलास साहाय्य द्यावे की नाही, यावर गेल्या वार्षिक सभेत कडू शब्द निघाले. त्या सर्वांनी भाऊरावांचे चरित्र एकदा वाचावे, एवढीच आमची विनंती.

आता स्वतःविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे, नाहीतर वरील सारे पोपटपंची ठरेल. मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीचे कार्यवाहपद आमच्याकडे चौदा वर्षे आहे. चार वर्षांपूर्वी, या परिसरातील एका महाविद्यालयात शिकविणारी आपल्याच ज्ञातीतील एक भगिनी आमच्याकडे आली. तिचे म्हणणे असे की, दहावीत पहिला आलेल्यास एकदाच रोख पारितोषिक देऊन थांबू नये. मुले गळतात ती पुढे, पदविकेच्या वा पदवीच्या दुसऱ्या वर्षास. कारखान्यात कंत्राटी काम सहज मिळते, घरी पैशाची निकड असते आणि मुलगा शिक्षण सोडतो. त्या वर्षी त्यास महिन्याच्या महिन्यास मदत मिळावी, आणि ती यादी आपण स्वतः ठेवू, असे ती म्हणाली. आम्ही तिला म्हणालो, "बाई, आधी दोन-चार वर्षे सभांना येत जा, कामाची ओळख होऊ द्या, मग पाहू." ती पुन्हा आली नाही. दोन वर्षांनी, ज्या मुलाच्या गळ्यात आम्हीच व्यासपीठावर हार घातला होता, तो चाकणकडे जाणाऱ्या कामगारांच्या बसथांब्यावर आम्हांस भेटला. पदविकेचे दुसरे वर्ष त्याने अर्ध्यावर सोडले होते. वसतिगृहाच्या खानावळीचे पैसे थकले होते. "गुरुजी, तुम्हांला सांगायचं कसं?" एवढेच तो म्हणाला. थकलेली रक्कम मंडळास जड नव्हती. ज्या बाईने हे आधी ओळखले होते, तिला आम्ही दारातून परत पाठविले होते.

कर्व्यांनी आपण वाढविलेल्या परांजप्यांच्या हाताखाली बारा वर्षे काम केले आणि आम्हांस आपल्या लेकीच्या वयाच्या अध्यापिकेस एक वही देववली नाही. खुर्ची लहान असली म्हणजे ती सोडणे सोपे असते, हा भ्रम आहे. यास्तव येत्या वार्षिक सभेत आम्ही कार्यवाहपद सोडीत आहोत. त्या भगिनीच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली व ती जबाबदारी घेण्याची विनंती केली. तिने ती मान्य केली आहे. सभेने तिच्या निवडीस संमती द्यावी. कोणतेही पद एका व्यक्तीकडे सहा वर्षांहून अधिक राहू नये, असा ठरावही आम्ही मांडणार आहोत. जाणारा माणूस कितीही चांगला असो, संस्था त्याच्यावाचून चालावी, यासाठी तो नियम हवा.

झोळी मात्र आमच्याकडे राहू द्यावी. निगडीपासून राजगुरुनगरपर्यंत आपली जी घरे आहेत, त्यांत वर्गणीसाठी हिंडण्याइतके बळ अजून पायांत आहे. दारी आलो म्हणजे ज्ञातिबंधुभगिनींनी रिक्तहस्ते परत पाठवू नये. इत्यलम्.