पन्नास सेकंदांची गर्दी

लोकलमधल्या बायकांवर शॉर्टफिल्म करायची ठरवली, तेव्हा वाटलं होतं की विषय एकदम ताजा आहे. डोंबिवलीहून सुटणारी सकाळची फास्ट, लेडीज डबा आणि मांडीवर पिशवी ठेवून गवार मोडणाऱ्या एक काकू.

मग वाचायला बसले आणि कळलं की हा विषय सिनेमाइतकाच जुना आहे. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी फ्रान्समधल्या लिआँ शहरात काढलेल्या फिल्ममध्ये कारखान्याचं फाटक उघडतं आणि कामगार बाहेर पडतात. त्यांत बायकाच जास्त. जेमतेम पन्नास सेकंदांत सगळं संपतं. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पहिला खेळ झाला, तेव्हा हे कामगारही दाखवले गेले आणि स्टेशनात शिरणारी आगगाडीही. मुंबईकरांना खरी आगगाडी १६ एप्रिल १८५३ पासून, बोरीबंदर-ठाणे प्रवासापासून ओळखीची होती. विजेवरची लोकल मात्र ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला अशी धावली. म्हणजे पडद्यावर कामावरून सुटणारी माणसं आधी आली आणि आपली लोकल नंतर.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली. तो कारखाना ल्युमिएरांचाच होता. त्या फिल्मच्या तीन आवृत्त्या आजही बघायला मिळतात: एकीत घोडागाडीला एक घोडा, दुसरीत दोन, तिसरीत गाडीच नाही. म्हणजे कामगार कॅमेऱ्यासाठी पुन्हा पुन्हा बाहेर पडले. समोर मालकाचा कॅमेरा असताना ‘मला नको’ असं कोण म्हणणार? पडद्यावर त्यांची नावंही नाहीत.

आणि मी? माझ्याकडे रेल्वेच्या परवानगीचा कागद होता. त्यावर त्या बायकांपैकी कुणाचीच सही नव्हती.

पाचव्या दिवशी घाटकोपरच्या आसपास काकूंना डुलकी लागली. तोंड किंचित उघडं, बोटांत अर्धी मोडलेली शेंग. माझ्या फिल्मचा शेवट मला तिथेच सापडला. उतरायच्या आधी मी त्यांना मोबाइलवर तो शॉट दाखवला.

“अगं, घरी आधीच म्हणतात, ही काय, बसून तर जाते. हे बघितलं की आणखी बोलतील. शेंगा दाखव, झोप नको.”

“काकू, चेहरा धूसर करते ना.”

“आणि साडी? ती ओळखतील की.”

शॉट मी त्यांच्यासमोरच डिलीट केला. हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू? फिल्म बघून आमचे सर म्हणाले, “चांगली आहे, पण शेवट हरवल्यासारखा वाटतो.” मी काही बोलले नाही.

शेवटी नावं येतात, तेव्हा डब्यातल्या नऊ जणींची नावं दिसतात, प्रत्येकीने सांगितली तशी. काकूंचं नाव त्यांत नाही. विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या.