तीन पौंडांची गोष्ट

मागच्या महिन्यात एकदा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. एवढ्या रात्री फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं, पण आवाज ठीक होता. "मामा, दोन लॅपटॉप शॉर्टलिस्ट केलेत. तू सांग कुठला घेऊ."

भाची नुकतीच सीए झाली. नोकरी पुण्यात, आणि ऑडिटच्या निमित्ताने आज चाकण, उद्या रांजणगाव. ऑफिसने सांगितलंय की मशीन स्वतःचं आणा, आम्ही थोडा भत्ता देऊ. म्हणजे बाकीचे पैसे हिचे, पहिल्या काही पगारांतले. पाच वर्षं तरी टिकायला हवा आणि खांद्यावर जड व्हायला नको. यादीत दोनच नावं उरली होती: मॅकबुक एअर आणि थिंकपॅड एक्स-वन कार्बन.

मी म्हटलं, दोन दिवस दे. दोनाचे आठ झाले. कारण ही दोन नावं ऐकली आणि मी थेट २००८ सालात जाऊन पडलो, आणि तिथून आणखी मागे. बायको शेवटी म्हणाली, "अहो, तिने लॅपटॉप विचारलाय, बखर नाही." पण आता काढलीच आहे बखर, तर वाचा. माझ्या उजव्या खांद्याचाही या प्रश्नाशी जुना संबंध आहे. तो पुढे येईलच.

तर समजा, १९८३ साल आहे, तुम्ही अमेरिकेत आहात आणि कामासाठी बरोबर नेता येईल असा कॉम्प्युटर तुम्हाला हवा आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८१ मध्ये, ऑस्बोर्न-१ आला होता. त्याला पोर्टेबल म्हणत. वजन साधारण ११ किलो, आकार शिलाई मशीनच्या पेटीएवढा. उचलता येत होता एवढ्याच अर्थाने पोर्टेबल! मांडीवर ठेवायचा विचार कोणी केला नसावा.

१९८३ मध्ये मात्र खरे दोन पर्याय होते. एक ग्रिड कंपास, १९८२ चा. बिल मॉग्रिज या डिझायनरने त्याचा आकार ठरवला, आणि पुस्तकासारखा उघडणारा, वर स्क्रीन आणि खाली कीबोर्ड असलेला लॅपटॉप आपल्याला त्यातूनच मिळाला. आवरण मॅग्नेशियमचं, वजन सुमारे ५ किलो, किंमत ८,१५० डॉलर. नासाने तो स्पेस शटलमधून अवकाशातही नेला. फक्त त्याला बॅटरी नव्हती. भिंतीतला प्लग शोधायचा आणि मग काम करायचं.

दुसरा टीआरएस-८० मॉडेल १००, जपानच्या क्योसेराने बनवलेला आणि अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकला गेलेला. वजन तीन पौंडांच्या जरा वर, म्हणजे १४०० ग्रॅमच्या आसपास. चार पेन्सिल सेलवर वीस-एक तास चालायचा. आत मोडेम, त्यामुळे वार्ताहर गावोगावहून फोनच्या तारेवरून बातमी पाठवायचे. त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा काही भाग खुद्द बिल गेट्सने लिहिला होता. किंमत १,०९९ डॉलरपासून पुढे. पण स्क्रीन केवढा? आठ ओळी, एका ओळीत चाळीस अक्षरं. बस्स.

म्हणजे बघा, एकाने स्क्रीन ठेवला आणि बॅटरी सोडली, दुसऱ्याने बॅटरी ठेवली आणि स्क्रीन सोडला. दोघंही आपापल्या गिऱ्हाइकाला बरोबर ओळखून होते. बातमीदाराला आठ ओळी पुरत होत्या. मोठ्या कंपनीच्या साहेबाला जिथे जाईल तिथे प्लग मिळत होता. मला या जोडीची गंमत वाटते ती यासाठी की आज चाळीस वर्षांनी भाचीने विचारलेला प्रश्न तोच आहे. हलका लॅपटॉप करायचा म्हणजे कोणीतरी बसून ठरवायचं, की कुठली वस्तू गिऱ्हाइकाला लागणार नाही. तो अंदाज आपल्याला लागू पडतो का, एवढंच आपण बघायचं.

मधला काळ भराभर सांगतो. १९९२ मध्ये आयबीएमचा थिंकपॅड ७००सी आला. काळा, चौकोनी, मधोमध लाल ठिपका. रिचर्ड साप्पर या डिझायनरच्या डोक्यात जपानी जेवणाचा काळा डबा होता असं सांगतात. नाव आलं ते आयबीएमच्या लोकांच्या खिशात असायच्या त्या छोट्या वहीवरून, तिच्यावर 'थिंक' एवढाच शब्द छापलेला असे. बनवला जपानमधल्या यामातो इथल्या प्रयोगशाळेने, अरिमासा नाइतो यांच्या हाताखाली. वजन मात्र तीन किलोच्या जवळ. १९९५ मध्ये त्यांनीच ७०१सी काढला. लॅपटॉप छोटा, पण झाकण उघडलं की कीबोर्डचे दोन तुकडे सरकून बाहेर यायचे आणि तो मशीनपेक्षा रुंद व्हायचा. जॉन कॅरिडिस यांची ती कल्पना. लोक त्याला फुलपाखरू म्हणत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो ठेवलेला आहे.

मग २००५ मध्ये आयबीएमने हा सगळा व्यवसायच चीनच्या लेनोवोला विकला. थिंकपॅडचे भक्त हळहळले. आता आपला काळा डबा स्वस्त प्लास्टिकचा होणार असं अनेकांनी गृहीत धरलं.

आणि आता २००८. हे वर्ष मला नीट आठवतं.

१५ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्सने ऑफिसात वापरतात तसलं पिवळट पाकीट हातात घेतलं आणि त्यातून लॅपटॉप बाहेर काढला. पहिला मॅकबुक एअर. वजन तीन पौंड, १३६० ग्रॅम. कडेला इतका निमुळता की तिथे जाडी चार मिलिमीटर. पूर्ण आकाराचा कीबोर्ड, १३.३ इंची स्क्रीन. किंमत १,७९९ डॉलरपासून. सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह नाही, लॅनची खाच नाही, बॅटरी स्वतः बदलायची सोय नाही. यूएसबी एकच, तीही बाजूला खाली उघडणाऱ्या इवल्याशा दारात. डीव्हीडी लागलीच तर शेजारच्या कॉम्प्युटरची वायफायवरून उसनी घ्या म्हणे!

पुढच्याच महिन्यात लेनोवोने थिंकपॅड एक्स-३०० आणला. कंपनीत त्याचं टोपणनाव होतं कोदाची, म्हणजे छोटी जपानी तलवार. स्क्रीन तेवढाच, १३.३ इंची, पण अधिक बारीक ठिपक्यांचा. सगळ्यात हलका प्रकार तीन पौंडांच्या किंचित आत. आणि यात सगळं होतं. तीन यूएसबी, लॅन, प्रोजेक्टरची खाच, काढता येणारी बॅटरी, हवा तर फक्त सात मिलिमीटर जाडीचा डीव्हीडी रायटर. फिरती हार्ड डिस्क नव्हतीच, ६४ जीबीची चिपवाली डिस्क. प्रोसेसर एअरपेक्षा मंद आणि किंमत अडीच हजार डॉलरच्या आसपास. आयबीएम गेली तरी यामातो आहे, हे त्या मशीनने भक्तांना दाखवून दिलं.

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये यावर जोरदार वाद व्हायचे. यातला एकही लॅपटॉप आमच्यापैकी कोणाच्या खिशाला परवडणारा नव्हता, त्यामुळे वादाला धार जास्त. माझं मत ठाम होतं: एअर हे श्रीमंतांचं खेळणं आहे. आपल्याकडे तेव्हा हॉटेलात वायफाय कुठे होतं? इंटरनेटसाठी यूएसबीला लावायची ती डेटा कार्डची कांडी यायला लागली होती. एकच यूएसबी, म्हणजे कांडी लावली की पेन ड्राइव्ह कुठे खुपसणार?

मी तेव्हा विम्याचा सर्व्हेअर होतो. त्याच वर्षी मी तिसराच लॅपटॉप घेतला. कंपनीचं नाव राहू दे. सगळं असलेला: डीव्हीडी रायटर, लॅन, फोनची तार लावायची खाच, चार यूएसबी. पावणेतीन किलो, शिवाय विटेएवढा अडॅप्टर. डोंबिवली ते तेव्हाचं सीएसटी, पाठीवरची बॅग छातीशी घेऊन, पाच वर्षं. फोनच्या तारेची खाच मी एकदाही वापरली नाही. डीव्हीडी रायटरचा उपयोग झाला तो साडूच्या मुलीच्या लग्नाची सीडी बघायला.

पण हसायच्या आधी हेही सांगायला हवं. २००९ मध्ये चिपळूणजवळ एका छोट्या कारखान्याला आग लागली होती. सर्व्हे करून रात्री लॉजवर आलो तर डेटा कार्डाला रेंज नाही, वायफायचा प्रश्नच नाही. लॉजच्या काउंटरमागे मात्र लॅनची एक तार लोंबत होती. ती मी माझ्या लॅपटॉपला लावली आणि रिपोर्ट त्याच रात्री मुंबईला गेला. त्या कारखानदाराला गणपतीच्या आत थोडी रक्कम मिळाली. कामगारांचे पगार अडले होते, ते झाले. गृहस्थांनी नंतर फोन केला तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. तेव्हा एअर असता तर? असो. हा विचार मी पुष्कळदा केला आहे.

आणि २०१३ मध्ये खांदा गेला. फ्रोझन शोल्डर. लोकलची कडी पकडायला हात वर जाईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, उद्या बॅग घेऊन या. वजनकाट्यावर ठेवली. सात किलो. बाईंनी एकेक वस्तू बाहेर काढली. लॅपटॉप, अडॅप्टर, लॅनच्या तारेचं भेंडोळं, एक्स्टेन्शन बोर्ड, ड्रायव्हरच्या सीड्यांचं पाकीट, दोन माउस. "दोन कशाला?" "एक बंद पडला तर..." बाई काही बोलल्या नाहीत. चिपळूणच्या त्या एका रात्रीसाठी मी पाच वर्षं ते भेंडोळं वाहत होतो. वाहिलं ते बरोबर की चूक, मला आजही धड सांगता येत नाही.

तिकडे इतिहासाने आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता. २०१० मध्ये एअर नव्या रूपात आला, यूएसबीच्या दोन खाचा, आत फक्त चिपवाली डिस्क आणि छोट्या मॉडेलची किंमत ९९९ डॉलरपासून. श्रीमंतांचं खेळणं हे माझं मत तिथेच निकालात निघालं. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' हा शब्द काढला आणि सगळ्या कंपन्या तसलेच पातळ लॅपटॉप करू लागल्या. २०१२ मध्ये आला पहिला थिंकपॅड एक्स-वन कार्बन. वजन पुन्हा तेच, तीन पौंड. त्यात डीव्हीडी नव्हता, लॅनची खाच नव्हती, बॅटरी आत बंद. चार वर्षांपूर्वी एक्स-३०० ने जे जे अभिमानाने ठेवलं होतं, ते बहुतेक सगळं त्याच्याच वारसाने मुकाट्याने काढून टाकलं. जॉब्सचा अंदाज बरोबर होता, फक्त आपल्याकडच्या लॉजपर्यंत पोचायला त्याला थोडा वेळ लागला.

अर्थात सोडण्याचा नाद अंगाशीही येतो. २०१५ पासून ॲपलने लॅपटॉप आणखी पातळ करण्यासाठी नवा कीबोर्ड आणला. योगायोग असा की त्याचंही नाव फुलपाखरूच. धुळीचा कण गेला की कळा अडकायच्या. २०१८ मध्ये कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०२० मध्ये एअरवर जुन्या धाटणीचा कीबोर्ड परत आला.

हे सगळं मी भाचीला फोनवर ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, छान आहे रे. पण घेऊ कुठला?"

मी म्हटलं, एक आठवडा वहीत लिही. ऑफिसच्या मशीनला काय काय लावलंस, कितीदा, आणि दिवसभरात काय उघडलंस. आठवड्याने व्हॉट्सॲपवर यादी आली. डिजिटल सहीचं टोकन चार वेळा. क्लायंटचा पेन ड्राइव्ह सहा वेळा. प्रोजेक्टर एकदा. लॅन एकदाही नाही. टॅली रोज, दिवसभर.

मग फार बोलायला उरलंच नाही. टॅली विंडोजवर चालतं, मॅकवर चालवायचं तर आडवाटेने. सहीचं टोकन आणि पेन ड्राइव्ह दोन्ही जुन्या, चपट्या यूएसबीचे. एक्स-वन कार्बनला ती खाच आहे, एअरला मध्ये जोडणी लावावी लागते. एअरला पंखा नाही, आवाज नाही, बॅटरी उत्तम, आणि टॅली सोडून दुसरं काही करणारी असती तर मी डोळे मिटून तोच घे म्हटलं असतं. मेमरी दोन्हींची आत चिकटवलेली, त्यामुळे पाच वर्षं चालवायचा तर आत्ताच जास्त घे, एवढं एक सांगितलं. ताईने किमती ऐकून "एवढ्यात आमचं लग्न झालं होतं" हे वाक्य म्हटलं. ते येणारच होतं.

भाचीने मागच्या वर्षीच्या मॉडेलचा एक्स-वन कार्बन घेतला, जरा सवलतीत. वजन किलोच्या किंचित वर.

काल तिने एक फोटो पाठवला. तिची ऑफिसची बॅग वजनकाट्यावर. काटा सव्वापाच किलो दाखवतोय. मी घाबरून विचारलं, आहे काय त्यात? उत्तर आलं: "फायली, छत्री, पाण्याची बाटली. आणि आई देते तो डबा, चार पुडांचा. मामा, तो कमी करायचं आईला तू सांगशील का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.