वरातीच्या गाडीचा आवाज

धुळे-नंदुरबारकडे लग्नाचा बँड म्हटला की डोळ्यांसमोर पिकअप येते. हौद्यावर लोखंडी सांगाडा, त्यावर बफर आणि टॉप, आत कीबोर्ड, ऑक्टापॅड, बँजो वाजवणारी पोरं, माइक धरलेला गायक आणि मागे धडधडणारा जनरेटर. लग्नसराई सरली की मालक हिशेब मांडतो आणि त्यात 'साउंड वाढवायचा' हे कलम ठरलेलं असतं. हे कलम कुठून आलं, हे पाहायला आपण दीडशे वर्षं मागे जाऊ.

१८७४ मध्ये जर्मनीच्या एर्न्स्ट सीमेन्सने चुंबकाच्या क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचं पेटंट घेतलं. त्यातून गाणं मात्र निघालं नाही. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नापा गावी अशाच वेटोळ्याला कर्णा जोडला. चारच वर्षांनी, १९१९ मध्ये, सॅन दिएगोच्या मैदानात अध्यक्ष विल्सन यांचं भाषण त्याच यंत्रातून सुमारे ५० हजार लोकांनी ऐकलं. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी कर्णा काढून कागदी शंकू बसवला. आजच्या बफरचं शंभर वर्षांपूर्वीचं रूप ते हेच.

आपल्याकडे कर्णा पोचला तो सभांच्या वाटेने. नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओने १९३० च्या दशकात काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवायला सुरुवात केली. त्याच दशकात, डिसेंबर १९३६ मध्ये, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या खान्देशातल्या फैजपूरला झालं. पुढे कर्णा टांग्यावर, बैलगाडीवर चढला आणि सिनेमाची जाहिरात करत गल्लोगल्ली फिरला. बोलणं तो लांबवर नेई, पण ढोलाचा घुमारा त्याला पेलत नसे. म्हणून वरातीत वाजंत्री पायीच राहिली.

गाडीत संगीत वाजवण्याची हौस वेगळ्या वाटेने आली. १९३० मध्ये गॅल्विन बंधूंचा मोटोरोला रेडिओ मोटारीत बसला, १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला, १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. रोलंडचा ऑक्टापॅड १९८५ चा, टाटा ४०७ ही १९८६ ची. बँजोचा प्रवास तर आणखी लांबचा. आपला बँजो अमेरिकेतला नव्हे. नागोयात १९१२ मध्ये तयार झालेल्या जपानी ताइशोगोतोचा, म्हणजेच बुलबुलतरंगाच्या घराण्याचा तो वंशज. हे सगळे प्रवाह खान्देशात एका हौद्यात भेटले आणि पायी चालणारा वादक गाडीवर चढला.

इथे गाठ पडली बॅटरीशी. इंजिन चालू असताना गाडीत जेमतेम १४ व्होल्ट मिळतात. ४ ओहमच्या स्पीकरला साधं मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, त्यातून २५ वॅटच्या आसपासच देऊ शकतं. व्होल्ट वाढवणारं मशीन मिळतं, पण वरात माणसाच्या चालीने सरकते, इंजिन मंद फिरतं आणि अल्टरनेटर थकतो. म्हणून बँडवाल्यांनी सरळ जनरेटर चढवला आणि मंडपातली २३० व्होल्टची मशीनं गाडीवर आणली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खान्देशी डोकं हेच. डीजेच्या भिंतीपेक्षा मला ही गाडी मोलाची वाटते, कारण तिच्यात अजून माणूस वाजवतो.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद केले. वॅटची चढाओढ मात्र थांबली नाही. खरं तर वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद जवळजवळ दहापट लागते. म्हणजे मालक एवढा खर्च करतो, त्याचा फरक वरातीत नाचणाऱ्याला फारसा कळतही नाही. वाढलेला आवाज पुरता सोसावा लागतो बफरपासून हातभर अंतरावर बसलेल्या बँजोवाल्या पोराला, रोज, सगळी लग्नसराई. बँडमालकांना माझी विनंती आहे: या वर्षी बफर आहेत तेवढेच राहू द्या आणि त्या पैशांतून आधी वादकांसाठी चांगले कानबोळे घ्या.