बाटली, डोळा आणि पारख

कोणत्याही पदार्थाची पारख आधीं डोळा करितो, जीभ मागाहून. परंतु या डोळ्याच्या साक्षीस किती मोल द्यावें, हें इंग्लंडांतील बिअरच्या इतिहासावरून चांगलें कळतें, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८४५ मध्यें तेथें कांचेवरील कर उठला. कांच स्वस्त झाली, आणि धातूच्या वा मातीच्या पात्रांतून पिणारे लोक पेयाचा रंग न्याहाळूं लागले. बर्टन गांवच्या फिकट, निवळ बिअरची चलती होण्यास हेंही एक कारण झालें. मग नजर बाटलीवरील खुणेकडे वळली. १ जानेवारी १८७६ रोजीं बास कंपनीचा तांबडा त्रिकोण हें ब्रिटनमधील पहिलें नोंदलेलें व्यापारचिन्ह ठरलें.

डोळ्याची साक्ष अगदींच खोटी नसते. नासलेली बिअर पुष्कळदां गढूळ दिसते. पांढऱ्या वा हिरव्या कांचेतून उजेड आंत शिरला, म्हणजे हॉपच्या कडू द्रव्यांवर त्याची क्रिया होऊन दुर्गंधी सुटते; तपकिरी कांच तो उजेड बव्हंशीं अडविते. तेव्हां बाटलीचा रंग पाहणारा शहाणाच म्हणावयाचा. उलटपक्षीं, बाटलींतच मुरणाऱ्या बिअरच्या तळाशीं किण्वाचा गाळ बसतो, तो मात्र दोष नव्हे. म्हणजे डोळ्यासही शिक्षण लागतें. १८७१ मध्यें पाश्चरनें लंडनच्या एका कारखान्यांत सूक्ष्मदर्शकाखालीं किण्व तपासून, बिअर नासविणारे अदृश्य जंतू दाखवून दिले.

डोळ्याची खरी हार झाली ती १९०० सालीं, मँचेस्टर व आसपासच्या भागांत. शेंकडों लोकांचे हातपाय बधिर होऊं लागले. हा अतिमद्यपानाचाच परिणाम, असें डॉक्टरांस प्रथम वाटलें; दोष पिणाऱ्याच्या माथीं मारून जग मोकळें झालें. पुढें डॉ. रेनल्ड्स यांनीं बिअरमध्यें सोमल असल्याचें शोधून काढलें. बिअरसाठीं वापरलेली साखर ज्या गंधकाम्लानें तयार केली होती, त्यांतून तो आला होता. सहा हजारांवर माणसें आजारी पडलीं, निदान ७० दगावलीं. पेला मात्र नेहमींसारखाच निवळ दिसत होता! त्यानंतर लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-मंडळ नेमण्यांत आलें.

ज्या घरांत बिअरचा थेंबही शिरत नाहीं, त्यांनाही हा इतिहास परका नाहीं. पिवळीजर्द हळद आपणही रंगावरूनच घेतों, आणि तो रंग कधीं कधीं शिशाच्या क्षाराचा असतो. रूप पाहावें, जरूर पाहावें. परंतु जेथें डोळा थकतो तेथें प्रयोगशाळा व कायदा जागा असावा, हें पाहणें नागरिकांचेंच काम आहे.