गाठीचे निदान : देऊळगाव राजा ते परळ

स्त्रीच्या स्तनात हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण वयात आढळणारी, बोटांखाली सहज सरकणारी तंतुमय गाठ, जिला वैद्यकात फायब्रोएडिनोमा म्हणतात, चाळिशीच्या आसपास होणारी पाण्याची गाठ आणि अंगावर पाजणाऱ्या मातेच्या स्तनात दूध साकळून होणारे गळू, हे सर्व विकार साधे, म्हणजे शरीरात इतरत्र न पसरणारे असतात. उरलेल्या थोड्या गाठी या गर्दीतून नेमक्या वेगळ्या काढण्याची विद्या मात्र फार सावकाश घडली, आणि बुलढाणा जिल्ह्यात जालन्याच्या सीमेलगत वसलेल्या देऊळगाव राजासारख्या गावातील स्त्रियांपर्यंत ती त्याहूनही सावकाश पोहोचली.

गाठींमध्ये भेद करण्याचा प्रयत्न भारतीय वैद्यकात जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचे वर्णन वेगवेगळे केलेले असून अर्बुद हे स्थिर, खोल मुळाचे, हळूहळू वाढणारे, न पिकणारे आणि फारसे न दुखणारे असते, असे तेथे सांगितले आहे. यातील अखेरचे लक्षण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे, कारण गाठ दुखत नाही म्हणून ती साधीच असणार हा समज आजही अनेक घरांत टिकून आहे आणि तपासणी लांबण्यामागे त्याचा मोठा वाटा असतो. वास्तविक स्तनाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखतच नाही. युरोपात ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने 1829 मध्ये स्तनरोगांवरील ग्रंथात तरुण स्त्रियांतील सरकत्या, निरुपद्रवी गाठीचे वर्णन कर्करोगापासून वेगळे करून दिले, परंतु त्याचेही मुख्य साधन हातच होता. कठीणपणा, ओबडधोबड कडा, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव ही चिन्हे हाताला आणि डोळ्याला समजतात. पण लहान गाठीत ती दिसतीलच असे नाही, आणि केवळ हाताच्या निदानाची मर्यादा हीच आहे.

सूक्ष्मदर्शकाने एकोणिसाव्या शतकात ही मर्यादा ओलांडली, तरी त्यासाठी गाठ आधी शरीराबाहेर काढावी लागत असे. 1905 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लुई विल्सन यांनी काढलेला तुकडा गोठवून, त्याचे पातळ काप रंगवून काही मिनिटांत तपासण्याची पद्धत रूढ केली. तिच्या आधारे रुग्ण भुलेखाली असतानाच निदान होऊ लागले आणि कर्करोग ठरल्यास त्याच वेळी संपूर्ण स्तन काढला जाऊ लागला. या सोयीची किंमत स्त्रीने मोजली. जाग आल्यावर आपला स्तन जागेवर असेल की नाही हे ठाऊक नसताना तिला शस्त्रक्रियेला संमती द्यावी लागे, आणि ही रीत अनेक दशके निमूटपणे चालू राहिली, हे वैद्यकाच्या इतिहासातील एक कठोर प्रकरण म्हटले पाहिजे. निदान आणि शस्त्रक्रिया हे दोन टप्पे वेगळे ठेवावेत, अशी शिफारस अमेरिकेत 1979 मध्ये झाली. ते शक्य होण्यामागे सुईची तपासणी होती. मार्टिन आणि एलिस यांनी 1930 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाठीत सुई घालून पेशी ओढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती; पुढे हाताची तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईने घेतलेला नमुना या तिन्हींचा मेळ बसल्यावरच गाठीला नाव द्यायचे, असा त्रिविध तपासणीचा दंडक सर्वत्र मान्य झाला.

देऊळगाव राजा हे बालाजी महाराजांच्या यात्रेसाठी आणि सिंदखेडच्या जाधव घराण्याशी असलेल्या संबंधामुळे ओळखले जाणारे गाव वऱ्हाडात मोडत असे. 1853 पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता, तर शेजारचे जालना निजामाच्या राज्यात राहिले. 1900 च्या सुमारास निजामाची हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे जालन्यावरून मनमाडला जोडली गेली, आणि गावाला जवळचे मोठे स्टेशन मिळाले ते या परक्या हद्दीत. 28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरिअल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा या भागातून तेथे जायचे तर जालन्याला मीटरगेज गाडी धरून मनमाडला ब्रॉडगेज गाडीत बसावे लागे. सुईने काही मिनिटांत घेता येणाऱ्या नमुन्यासाठी घरदार आणि शेतीचे काम सोडून असा प्रवास करायचा, तर गाठ लपवून ठेवली जाई यात नवल नव्हते. तो दोष त्या स्त्रियांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातच झाले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे 1987 मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील खेड्यांमधून रुग्णांची शिस्तशीर माहिती मिळू लागली. 1998 मध्ये टाटा मेमोरिअलचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रियांवर दीर्घ चाचणी आरंभली. तीत डॉक्टरऐवजी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानेच स्तन तपासत आणि शंकास्पद गाठ पुढील तपासणीसाठी पाठवत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण 47 टक्क्यांऐवजी 37 टक्के होते आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा ठोस लाभ दिसला नाही. ज्या हाताच्या मर्यादा एकोणिसाव्या शतकात उघड झाल्या होत्या, तोच हात निदानासाठी नव्हे तर निवडीसाठी वापरल्यास किती उपयोगी ठरतो, हे या चाचणीने दाखवले.

2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची अशीच हाताची तपासणी गावपातळीवर आणली. आशा कार्यकर्ती घरोघरी माहितीचा अर्ज भरते आणि आरोग्यसेविका तपासते. मात्र या सूचनांत दोन तपासण्यांमधले अंतर पाच वर्षांचे आहे, मुंबईत ते दोन वर्षांचे होते. त्यामुळे तेथील लाभ येथे जसाच्या तसा मिळेल असे गृहीत धरता येत नाही. मधल्या काळात उद्भवणारी गाठ बहुधा स्त्रीच्या स्वतःच्याच हाताला लागते, आणि ती लागल्यावर पुढच्या फेरीची वाट न पाहता तालुक्याच्या रुग्णालयात दाखवणे, तेथून सोनोग्राफी व सुईच्या तपासणीसाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणे, हा मार्ग आज देऊळगाव राजाहून मुंबईइतका लांबचा राहिलेला नाही.