एका खात्याची रीत साऱ्या गिरणीला

कामाची नवी रीत एका खात्यात साधली की हुकूम काढून ती साऱ्या कारखान्यात पसरविता येते, असा मालकवर्गाचा समज फार जुना आहे. हल्ली संगणकाच्या कंपन्यांत ‘अ‍ॅजाइल’ नावाच्या पद्धतीविषयी हाच वाद चालतो. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात सतरा तज्ज्ञांनी तिचा जाहीरनामा काढला. लहान तुकडीने आपले काम आपण आखावे, थोडे थोडे पुरे करून दाखवावे व अनुभवाने सुधारीत जावे, हे तिचे सार. एका तुकडीला हे साधते. पन्नास तुकड्यांना कसे साधावे? आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हा प्रश्न नवा नाही. जवळजवळ अर्धे शतक आधी तो अहमदाबादच्या कापडगिरणीत उभा राहिला होता.

तेथील कॅलिको मिलने स्वयंचलित माग आणले. २२४ मागांवर २९ माणसे. पण कामाच्या बारा निरनिराळ्या जाती पाडलेल्या. विणणारा वेगळा, बॅटरी भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, आणि प्रत्येकाच्या वाट्याचे मागही वेगळे. सगळे राबत होते, पण कोण कोणाचा सोबती हे कोणालाच सांगता येईना. यंत्र नवे असूनही उत्पादन वाढेना व कापडाची खराबी हटेना.

१९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. ठराविक मागांचे सारे काम एकाच गटाने पाहावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. ती कानी पडताच कामगारांनी आपले सोबती आपणच निवडून गट बांधले! सुरुवातीची ओढाताण सरल्यावर उत्पादन वाढले, खराबी घटली. मग ही रीत दुसऱ्या खात्यांत, साध्या मागांवरही नेण्यात आली.

१९७० साली एरिक मिलर यांनी तेथे पुन्हा जाऊन पाहणी केली. एके ठिकाणी गटपद्धती जवळजवळ जशीच्या तशी उभी होती. इतरत्र मात्र कमीअधिक प्रमाणात जुनीच वहिवाट परतली होती.

यातून आम्ही काय घ्यावे? गटाचे माग ठरलेले हवेत, सूत वेळेवर हवे, आणि देखरेख करणाऱ्याने गटाच्या दारापर्यंतच्या अडचणी निवाराव्यात, आत हात घालू नये. गट वाढले म्हणजे एकाचे संपलेले काम दुसऱ्याची सुरुवात होते. तेव्हा गटांच्या प्रतिनिधींना एकत्र बसून ठरविण्याचा अधिकार लागतो. हा पाया न नेता नुसती रीत नेली, तर बाजाराची पहिली निकड येताच वरचा माणूस घाबरतो आणि पुन्हा हुकूम सोडू लागतो.

म्हणून आमचे मागणे एवढेच की, हा अधिकार आणि वाढीव उत्पादनातला वाटा, दोन्ही करारात लिहिलेले असावेत. मेहेरबानीने मिळालेली मोकळीक मेहेरबानी सरताच जाते, मग हातात धोटा असो की संगणक.